शिवेवरचा रुसवा

ठाण्याहून खडवली म्हणजे काही काशी नव्हे. सकाळच्या गाडीत बसावे, कल्याणास थोडे थांबावे, टिटवाळा मागे टाकावे, की दुपारच्या जेवणाला खडवली. पण यंदाच्या माघात आमचे वऱ्हाड निघाले तेव्हा आळीतल्या बायका मला अशा भेटायला आल्या की जणू ही बया काही परत येत नाही. एकीने तर गंगेचा गडू आणून हातावर ठेवला. मी म्हटले, "अगं बाई, मुलाच्या लग्नाला चाललेय मी, मरायला नाही!" ती डोळे पुसत म्हणाली, "असू दे हो जवळ." घेतला. करता काय?

त्या प्रवासाची हकीकत, जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते आहे. सोयऱ्यांच्या गावाचे नाव लिहिणार नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत. त्याचे कारण पुढे कळेल.

ठाणे

भीती तशी खोटी नव्हती. आमच्या मागच्या आळीत आधी उंदीर पडले, मग माणसे. प्लेगचे नाव घ्यायचे नाही म्हणून सगळे नुसते "ताप" म्हणत. जो तो काखेत हात घालून गाठ आली का ते चाचपी. पानसुपारीला बसलेली शहाणीसुरती माणसेही बोलता बोलता काख दाबून बघत. निम्मे गाव मिठागरांच्या बाजूला झोपड्या घालून राहिले होते.

पण तापाहून मोठी भीती कल्याणची. तिथे गाडी थांबवून सगळ्यांना उतरवतात, अंग चाचपतात आणि संशय आला की तट्ट्याच्या झोपड्यांच्या छावणीत नेऊन ठेवतात. त्याला क्वारंटीन म्हणतात. तिथे माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातून औषधाचे तेल काढतात, असे आमची मोलकरीण शपथेवर सांगे. मी तिला हसत असे, आणि मनातून घाबरतही असे.

मग लग्न पुढे का ढकलले नाही? त्याला कारण मुलगी. मनूचा साखरपुडा आधी एकदा झाला होता आणि तो मुलगा पटकीने गेला. तेव्हापासून गावात तिला पांढऱ्या पायाची म्हणत. आता आमचेही लग्न मोडले असते तर तिला कोण विचारणार होते? तिच्या आईचा, उमाबाईंचा, निरोप आला: "गाव ठाण्याच्या माणसांना आत घेत नाही. पण शिवेवर मांडव घालायला कबूल झालंय. लग्न मोडू नका, पदर पसरते."

आमच्या स्वारीचे मन तेवढ्याने विरघळले. माझे नाही. मला वरमाय व्हायचे होते, खरे तेच सांगते. माझ्या लग्नात माझ्या आईने सासूबाईंचे पाय धुतले तेव्हा पाणी गार लागले म्हणून सासूबाईंनी घंगाळ लाथेने उडवले होते, आणि आई ओल्या लुगड्याने दिवसभर हसत वावरली होती. इतकी वर्षे मी ते घंगाळ विसरले नव्हते. माझे तोंड आळीत प्रसिद्ध आहे. वन्सं, म्हणजे माझी नणंद, निघतानाच म्हणाली, "वहिनी, रुसण्याचं सामान घेतलंस ना बरोबर?" मी म्हटले, "ते वरमायला जन्मतःच असतं."

कल्याण

खाडीच्या पुलावरून कळव्याची मिठागरे दिसली. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे की डोळे मिटावे लागत. मुंब्र्याचा डोंगर झाला, डोंबिवलीची शेते झाली, आणि बायकांच्या डब्यात हळूहळू बोलणे बंद पडले. एकीने मुलाला कुशीत घट्ट धरले. एक म्हातारी कपाळाला ओला पदर लावून बसली. ताप नसला तरी कपाळ गरम लागले तर काय घ्या!

कल्याणास पुरुष एका रांगेत, बायका एका रांगेत. आमच्यासाठी चटयांचा आडोसा केला होता आणि आत एक परकी बाई. तिने जीभ बघितली, कपाळाला हात लावला आणि मग हात वर करा म्हणून खूण केली. ज्या जागी माझ्या आईचाही हात मला कळू लागल्यापासून लागला नव्हता, तिथे त्या बाईची बोटे फिरली. तिने दुष्टपणा केला असे मी म्हणणार नाही. पुढच्या बाईकडे वळायची तिला घाई होती, इतकेच. पण मी चोळी सावरत बाहेर आले ती मान खाली घालून. वरमायचा शालू, नथ, हिरवा चुडा, आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखी मी. वन्सं तर स्फुंदून रडत होती.

त्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. कडेवर तान्हे मूल, आणि मूल तापाने लालबुंद. तिला बाजूला काढून उभे केले होते, छावणीत न्यायला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या बघून ती म्हणाली, "बाई, घोटभर द्या हो. पोराच्या घशाला कोरड पडलीय."

मी म्हटले, "सोवळ्यातलं आहे गं."

कसले सोवळे आणि कसले काय! आगगाडीत बसून आलेली मी. त्या तांब्यातून येतानाच डब्यातल्या पोराबाळांनी पाणी प्यायले होते. मला भीती वाटली, इतकेच. आणि भीती वाटते म्हणण्यापेक्षा सोवळे म्हणणे सोपे गेले. तिनेही लगेच मान डोलावली. सोवळे म्हटले की कुणी पुढे विचारत नाही. तिला घेऊन गेले तेव्हा मी पेट्या मोजण्याचे निमित्त करून पाठ फिरवली.

खडवलीच्या पुढे

खडवलीला सोयऱ्यांनी बैलगाड्या पाठवल्या होत्या. पुरुषांची एक, वन्सं आणि इतर बायकांची एक, आणि पेट्या-करंड्यांच्या गाडीत ऐसपैस जागा म्हणून मी. भातसा नदीचे पाणी इतके नितळ की तळाचे गोटे दिसावेत. काटेसावरी लालभडक फुलल्या होत्या, आंब्यांना मोहोर होता. आमच्या ठाण्यात माघातही खाडीचा दमट वारा. इथली हवा कोरडी, गवताच्या वासाची. कल्याणचे सगळे विसरायला झाले.

आणि अर्ध्या वाटेवर मला हुडहुडी भरली.

आधी वाटले, वारा लागला. शालू घट्ट लपेटला. मग दातावर दात वाजू लागले आणि पाठीतून कळा. गाडीवाला वळून म्हणाला, "माय, ठंडी वाजतंय काय? ही घोंगरी घ्या." बाहेर ऊन रखरखत होते. मी घोंगडी घेतली आणि आत काखेत हात घातला. गाठ लागली नाही, पण हातच इतका थरथरत होता की त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

धरले तर चावते आणि सोडले तर पळते, तसे झाले. सांगावे, तर मांडव मोडणार. आमचे सगळे वऱ्हाड कल्याणच्या झोपड्यांत, आणि ती पोर जन्मभर पांढऱ्या पायाची. न सांगावे, तर सीमांतपूजनाला उमाबाई माझे पाय धुणार, ओटी भरणार, मला हाताला धरून नेणार. जी माणसे ठाण्याचा ताप शिवेवर अडवून बसली होती, त्यांच्यात मी तो माझ्या पायाने पोचवणार.

विचार करता करता मला एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवर खूषही झाले. रुसायचे! वरमाय रुसली तर त्यात नवल ते काय? रुसलेली विहीण जेवत नाही, बोलत नाही, तोंड फिरवून बसते, कुणाला जवळ येऊ देत नाही. तापलेल्या माणसाला तरी दुसरे काय हवे असते?

शीव

शिवेवर मरीआईचे देऊळ होते. त्याच्या शेजारच्या मोकळ्या रानात मांडव घातलेला आणि मांडवाच्या मधोमध एक सुंभाचा दोर, त्याला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले. दोराच्या पलीकडे मुलीकडचे, अलीकडे आम्ही. आमच्या उतरायच्या खोपी अलीकडेच, मांडवापासून हटून, नव्या पेंढ्याने शाकारलेल्या. पाटील हात जोडून म्हणाला, "रागावू नका, पावनं. गावाचा ठराव हाय. ठान्याचा मानूस दोराच्या आत येनार नाय. आन आमचा मानूस तिकडं गेला तर तोबी लगीच परत येनार नाय."

सीमांतपूजन झाले ते असे: माझा दत्तू दोराजवळ पाटावर उभा आणि व्याही पलीकडून बांबूच्या लांब पन्हळीतून त्याच्या पायांवर पाणी सोडताहेत. निम्मे पाणी धोतरावर. दोन्हीकडचे लोक पोट धरून हसले. दत्तूही हसला. व्याह्यांचा चेहरा मात्र शरमेने काळवंडला होता. मी ते गाडीतून पाहिले.

मग माझी पाळी आली. उमाबाई दोरापाशी घंगाळ घेऊन उभ्या होत्या. बारीक चणीची, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई. मी गाडीतून उतरले, त्यांच्याकडे पाठ केली आणि ओरडले, "नळीने पाय धुवून घ्यायला मी काय गोठ्यातली म्हैस आहे? मला असला मान नको! मला वेगळी खोप द्या, आणि कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहू नका!" आणि टोकाच्या खोपीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पाय लटपटत होते, पण रुसलेल्या बाईचे पाय कोण बघतो?

बाहेर वन्सं कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "मी म्हटलंच होतं, सामान बरोबर आणलंय." स्वारीने दाराशी येऊन विचारले, "ऐकलं का? काय हा पोरकटपणा! ते बिचारे काय परिस्थितीत आहेत!" मी भिंतीकडचे तोंड वळवले नाही. आज सकाळपर्यंत मला खरोखरच रुसायचे होते, म्हणून कुणाला संशयही आला नाही. मी आयुष्यभर जशी वागले होते तशीच वागत होते. याची लाज मला तापाहून जास्त चढली.

माझा हिशेब एवढाच चुकला: विहीण रुसली की मुलीची आई लांब राहत नाही. ती जवळ येते. जितका रुसवा मोठा तितकी जवळ येते. मीही मुलीची आई होऊन पाहिले असते तर मला हे आधी कळले असते. पण मला मुलगी नाही.

पलीकडे गलका झाला. "उमावयनी, दोर वलांडू नका! परत घेनार नाय!" आणि उमाबाईंचा आवाज, "विहीणबाई तोंड फिरवून बसल्यात. माझ्या पोरीचं काय होईल?" दोराची डहाळी सळसळली आणि दुसऱ्या क्षणी त्या माझ्या खोपीच्या दारात होत्या.

"पाय पुढं करा, विहीणबाई."

"मी नाही धुवून घ्यायची. जा तुम्ही."

"काय चुकलं एवढं सांगा. पाया पडते."

"सगळं चुकलं. जा म्हणते ना!"

"तुम्ही मारा मला, पण पाय पुढं करा."

मी पाय आखडून घेईपर्यंत त्यांनी तो धरला. पाणी त्यांनी मुद्दाम कढत आणले होते. पण माझा पाय पाण्याहून कढत होता. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी वर पाहिले, आणि मी, ठाण्याच्या आळीत जिच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही ती मी, त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊ शकले नाही.

बाहेरून कुणी विचारले, "काय झालं? मानल्या का?"

मला वाटले, आता किंचाळणार ही. ओरडावे, मोकळे करावे मला. उमाबाईंनी मोठ्याने उत्तर दिले, "कसल्या मानतात! फार रुसल्यात बाई! मी बसते त्यांच्यापाशी. कुणी आत येऊ नका, आणखी चिडतील." आणि मग हळू आवाजात, "कधीपासून?"

"गाडीत, अर्ध्या वाटेपासून."

"गाठ?"

"ठाऊक नाही."

"बघू."

त्यांनी बघितले. कल्याणच्या चटईआड त्या बाईने जिथे बोटे फिरवली होती तिथेच उमाबाईंनी फिरवली, सावकाश, आपल्या पदराचा आडोसा करून. गाठ नव्हती. "दोन-तीन दिवसांनीही येते म्हणतात," त्या म्हणाल्या. "बघत राहू."

मी म्हटले, "आता तरी जा हो. लिंबाच्या पाण्याने आंघोळ करा आणि मांडवात उभ्या राहा."

"याच हातांनी उद्या तिला हळद लावू?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिले. मी म्हटले, "मग सांगून टाकू या. मीच सांगते."

"सांगाल तर आत्ताच मांडव मोडतील," उमाबाई म्हणाल्या. "लोकांना रुसवा कळतो, विहीणबाई. ताप कळत नाही. तुम्ही रुसून बसा, मी समजूत घालत बसते." आणि त्यांनी माझ्या अंगावर आपले पांघरूण घातले.

खोप

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जरा हलके झाले, दुपारी पुन्हा हुडहुडी. कोयनेलची, तापावरच्या कडू औषधाची, पुडी स्वारीच्या पेटीत होती. मागवली तर कशाला म्हणून विचारणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! उमाबाईंनी गवती चहा आणि तुळशीचा काढा केला. लोक दारासमोरच्या दगडावर ताट ठेवून जात. लग्नाचे पक्वान्न येई आणि मला बघवत नसे. शेवटी त्यांनी रात्या, तांबड्या तांदळाची पेज मागवली. आमच्याकडे विहिणीची पंगत म्हणजे रांगोळ्या, समया, गाणी. माझी विहिणीची पंगत झाली ती अशी: खोपीत दोघी आणि मधे पेजेचे मडके. मुलीची आई विहिणीबरोबर जेवत नाही हा रिवाज त्यांनी मोडला, कारण मी एकटी जेवत नव्हते.

लग्न संध्याकाळचे, गोरज मुहूर्ताचे. त्याआधी दत्तू मुंडावळ्या बांधून माझ्या पाया पडायला आला. उंबऱ्यात पाऊल टाकणार तोच मी ओरडले, "आत येऊ नकोस! माझ्या पाया पडायचं काम नाही!"

तो तिथेच थबकला. म्हणाला, "आई, आज तरी."

"नाही म्हटलं ना!"

लहानपणी पडला, खरचटला, तरी कधी न रडलेला माझा मुलगा. त्याचे ओठ थरथरले. अंगणातूनच त्याने मातीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "तू अशी असशील असं वाटलं नव्हतं." तो गेल्यावर मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. उमाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आशीर्वाद मनातून दिला तरी पोचतो." मी म्हटले, "तुमचा पोचत असेल हो, माझा नाही."

मंगलाष्टके सुरू झाली. खोपीच्या दारातून मांडवाची पाठ तेवढी दिसे, आणि अंतरपाटाचे वरचे टोक. उमाबाईंनी लग्नासाठी पदराच्या गाठीला अक्षता बांधून ठेवलेल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या. प्रत्येक "सावधान"ला चिमूटभर अक्षता त्यांनी मांडवाच्या दिशेने टाकल्या. एवढ्या लांब त्या कुठल्या पोचायला! समोरच्या सारवलेल्या जमिनीवर पडल्या, आणि चिमण्या उतरल्या. ताशे वाजले तेव्हा त्या आत आल्या आणि माझ्याकडे पाठ करून मडके घासत बसल्या. घासून झालेलेच मडके होते ते.

पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी. मी मुद्दाम मोठ्या आवाजात सांगितले, "तुम्ही जा पुढे. माझा मान झाल्याशिवाय मी येत नाही." स्वारी संतापून म्हणाली, "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," आणि मला तशीच सोडून गाडी जुंपली. बरेच झाले. मनूची ओटी तिच्या काकूने भरली. मनू गाडीत चढता चढता वळली आणि खोपीकडे बघून हाक मारली, "आई!"

उमाबाई दारात होत्या. पाऊल पुढे टाकले नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या होत्या.

"आई गं, ये ना!"

"जा बाळ. जपून राहा." एवढेच म्हणाल्या. कुणीतरी बाई मोठ्याने बोलली, "मेल्या त्या भवानीने आईला लेकीजवळसुद्धा जाऊ दिलं नाही!" आणि गाडी हलली. भवानी आत बसून ऐकत होती.

नंतरच्या दिवसांत ताप ठरल्या वेळी यायचा, घाम येऊन उतरायचा. गाठ आली नाही ती नाहीच. हिवताप! आमच्या ठाण्यात पावसाळ्यात घरोघर असतो तसला साधा, गावठी हिवताप! उमाबाईंना मी म्हटले, "कशासाठी हो केलंत तुम्ही हे? काहीच नव्हतं." मला वाटले, त्या हसतील तरी, चिडतील तरी. त्या म्हणाल्या, "नव्हतं हे देवाची कृपा. असतं तर?" आणि केरसुणी घेऊन खोप झाडू लागल्या.

एकदा मी त्यांना कल्याणच्या तान्ह्याची आणि तांब्याची गोष्ट सांगितली. खरे तर त्यांनी मला चार शब्द सुनावावेत म्हणून सांगितली.  त्या म्हणाल्या, "भीती वाटली तुम्हाला. मलाही वाटली होती, तुमचा पाय धरला तेव्हा." मी विचारले, "मग सोडला का नाहीत?" त्यांनी माझे पांघरूण सारखे केले.

परत

अंगात बळ आल्यावर व्याह्यांनी मला गाडीत घालून खडवलीपर्यंत पोचवले. ते गाडीबरोबर पायीच चालत होते. स्टेशनावर हात जोडून म्हणाले, "आमचं काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. गरीब माणसं आम्ही." त्यांनाही काही ठाऊक नव्हते. मी नुसती मान हलवली, आणि त्यांना वाटले, रुसवा अजून गेला नाही.

निघताना मी उमाबाईंचे पाय धुवायला निघाले होते, सगळ्यांसमोर, त्याच घंगाळात. त्यांनी पाय मागे घेतले. "असं करू नका. लोक विचारतील, का म्हणून." पुढे म्हणाल्या, "घरी पाहिजे तर तुमच्या यजमानांना सांगा. पण मनूला सांगू नका. माहेरी आली की विहिरीवर बोलून जाईल. मी ताप लपवून बसले होते हे कळलं तर गाव आम्हाला पाणी देणार नाही." मी शब्द दिला. असे लोकांपुढचे एक दिलगिरीचे घंगाळसुद्धा मला मिळाले नाही.

कल्याणास छावणीच्या झोपड्या गाडीतून दिसल्या. वाळत घातलेली लुगडी, धूर, फिरणारी माणसे. ती बाई दिसते का म्हणून मी वाकून वाकून पाहिले. दिसली असती तरी गाडीतून मी काय करणार होते? या खेपेस तांब्या भरलेला होता आणि मागायला कुणी आले नाही.

घरी स्वारीला सगळे सांगितले. इकडून पेटीकडे पाहणे झाले. मग, "पेटीत कोयनेल होतं ना गं," एवढेच. आळीत मात्र गोष्ट माझ्याआधी पोचली होती: ठाण्याच्या विहिणीचा रुसवा असा, की मुलीच्या आईला लग्न दिसू दिले नाही. बायका पाणवठ्यावर मला बघून गप्प होतात. लोक ज्याची निंदा करतात ते मी केले नाही, आणि जे केले त्याची त्यांना खबर नाही. तरी त्यांची निंदा मला अगदी मापाची बसते.

मनू घरात रुळते आहे. कामसू, अबोल पोर. परवा माझे काहीतरी बिनसले होते, मी चुलीपुढे गप्प बसले होते. ती जवळ येऊन उभी राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सासूबाई, माझं काही चुकलं तर रागवा. मारा हवं तर. पण रुसू नका हं."

"नाही गं रुसत, बाळ," मी म्हटले.

ती तिथेच घोटाळली. मग विचारले, "माझं लग्न लागताना आई तिकडे तुमच्याजवळ काय करत होती? रडत होती?"

"नाही. तुझ्यावर अक्षता टाकत होती."

तिने थोडा विचार केला. "मला नाही एकही लागली," ती म्हणाली.

मी भात उतरवायला उठले.